सासूबाईंचा वात

माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंची नाडी पाहिली आणि निकाल देऊन टाकला, "वातप्रकृती." हडकुळा बांधा, कोरडी त्वचा, हलकी झोप, चाल भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. सासरे वैद्य, निदान चुकीचं नव्हतंच. पण त्या दिवसापासून त्यांनी बायकोचा वात शमवायचा जणू विडाच उचलला. रोज संध्याकाळी तळपायांना कोमट तिळाचं तेल, सकाळी काढा आणि दिवसभर एकच घोष, "अगं, जरा बस."

सासूबाई बसत नसत. काढासुद्धा उभ्यानेच प्यायच्या. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत, आणि मागच्या खोलीत औषधं कुटणं, चाळणं, पुड्या बांधणं हे सगळं सासूबाईंकडे. खलबत्ता चालू, तोंड चालू, आणि मधेच उठून गल्लीत काय नवीन ते ऐकून येणंही चालू. मी या घरात आले त्या दिवशी त्यांनी मला नीट न्याहाळून विचारलं होतं, "बोलतेस ना गं भरपूर? बरं झालं. इथे सगळे मुखदुर्बळ."

नवऱ्याशी त्यांचं भांडण रोजचं. खुर्ची दारात का ठेवली, चूर्णाच्या डब्याचं झाकण उघडं का टाकलं, कुठलाही विषय चालायचा. सासरे उलट भांडत नसत, ते तेलाची बाटली काढायचे. "वात वाढलाय," म्हणायचे. मला याचा मनस्वी राग यायचा. माणूस तावातावाने काही सांगतंय आणि समोरचा त्याच्या तळव्यांकडे बघतोय, ही काय रीत झाली? सासूबाई मात्र म्हणायच्या, "जाऊ दे गं. तेल चोळताना ते कुठे पळून जातात? तेवढ्यात माझं उरलेलं भांडण उरकतं."

गेल्या वर्षी त्या हळूहळू शांत व्हायला लागल्या. आधी गल्लीत जाणं कमी झालं, मग दुपारची झोप सुरू झाली. अंगाने भरल्या. दारातली खुर्ची दारातच राहू लागली. सासरे एकदम खूश, तेलाची बाटलीही त्यांनी फळीवर ठेवून दिली. "बघ सूनबाई, इतक्या वर्षांनी वात शमला. चिकाटी लागते." पेशंटनाही कौतुकाने सांगायचे. माझा नवरा म्हणाला, "घरात शांतता आहे, तर तुला काय खुपतंय?"

मला खुपत होतं. भर उन्हातसुद्धा त्या शाल सोडेनात. आवाज घोगरा झालेला, कंगव्यात केसांचे पुंजके. शेवटी एक दिवस मी मुद्दाम खुर्ची ओढून दाराच्या ऐन मध्यात ठेवली. त्या चकार शब्द न काढता तिला वळसा घालून गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

सासऱ्यांना खुर्चीचं सांगितलं. "तिची प्रकृती मी ओळखतो गं," ते म्हणाले, तेही अगदी मायेने. मायेने बोलणाऱ्याशी भांडायचं कसं, इथेच माझं घोडं पेंड खात होतं.

त्यांची दवाखान्यातली पद्धत मात्र मी रोज बघत होते. एक पेशंट गेला की दुसऱ्याची नाडी पाहून होईपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असतात. चेहरा दिसला की बोटांना नाडी ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि दुखण्याची चौकशी करायच्या आधी प्रश्न एकच, "पूर्वी कसं असायचं?" कुणात जन्मतःच वात अधिक, कुणात पित्त, कुणात कफ, ज्याची जी प्रकृती, तोच त्याचा समतोल. त्यापासून माणूस ढळला की आजार. मग मूळ माणूस कसा होता ते कळल्याशिवाय ढळला किती, हे कसं कळणार? हे सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

रविवारी मला नोकरीला सुट्टी होती. सासूबाईंना मी सरळ बाहेरच्या बाकावर पेशंटच्या रांगेत बसवलं. "आई, नंबर आला की आत जायचं आणि नुसता हात पुढे करायचा. बोलायचं नाही."

"हल्ली मी बोलते कुठे," त्या म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि मी दारात उभी राहिले. सासऱ्यांची तीन बोटं मनगटावर टेकली. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी ती दाबली, उचलली, पुन्हा टेकवली. मग म्हणाले, "हात गार आहे. सूज आहे. नाडी जड आणि संथ. अग्नी पार मंदावलाय, कफाने घेरलंय. पूर्वी कसं असायचं?"

"पूर्वी मी भांडायचे," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

सासऱ्यांनी डोळे उघडले. जो हात धरून उभा जन्म काढला, तो त्यांना ओळखू आला नव्हता. बोटं होती तिथेच राहिली.

"अगं, तू?"

"मीच. नंबर लावून आले."

"मला वाटलं, तुला आता बरं वाटतंय."

"तुम्ही तसं म्हणालात. मग मलाही तसंच वाटलं."

मी मनात केव्हाचे चार खरमरीत शब्द तयार ठेवले होते. ते गिळले. सासऱ्यांनी बाकावरच्या लोकांची माफी मागून दवाखाना बंद केला आणि बायकोला पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. थायरॉईडचं काम मंदावलं होतं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. गोळी आणि पाणी घेऊन सासरे स्वतः उभे राहायचे. काढा द्यायचा तोही डॉक्टरांना विचारून.

एकदा खल पुसता पुसता ते मला म्हणाले, "तिच्या स्वभावाला मी आजार समजलो, आणि खरा आजार आला तेव्हा म्हटलं, गुण आला."

"बाबा, जेवून घ्या," मी म्हटलं. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच संपला.

सासूबाई हळूहळू सावरत गेल्या. शाल कपाटात गेली, खलबत्त्याचा आवाज यायला लागला. पण भांडण काही नाही. सासरे रोज सकाळी खुर्ची स्वतः उचलून दाराच्या मध्यात ठेवत होते. मी बघत होते.

काल सकाळी मागून आवाज आला, चांगला खणखणीत. "अहो, ही खुर्ची रोज इथे कोण आणून ठेवतंय? येणाऱ्याजाणाऱ्याने काय उड्या मारायच्या?"

सासरे कुणाची तरी नाडी बघत होते. तो हात तसाच सोडून ते उठून आले. सासूबाईंनी खुर्चीपासून सुरुवात केली, झाकणांवर आल्या, मग गेल्या वर्षभरात वाया गेलेल्या चूर्णावर. सवयीने सासऱ्यांचा हात फळीवरच्या तेलाच्या बाटलीकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ आहे."

"मग सांग," म्हणत ते त्याच खुर्चीत दारात बसले.

बाहेर पेशंट ताटकळले होते. मी जाऊन सांगितलं, आज जरा वेळ लागेल.