हाताला बादली, तोंडाला सुट्टी

भास्करनाना लग्नाला निघाले की त्यांच्याबरोबर तीन वस्तू असत: खांद्यावर पंचा, सदऱ्याच्या खिशात सुक्या खोबऱ्याचे तुकडे आणि हातात वरण वाढायचं घरचं ओगराळं. आहेराचं पाकीट ते कधीमधी विसरत, ओगराळं कधीच विसरले नाहीत. मांडवात शिरले की नवरा-नवरीकडे ढुंकूनही न बघता सरळ मागे आचाऱ्याकडे जात, बादलीचं वजन हातात तोलून बघत आणि म्हणत, "चला, बसवा पंगत." यजमानाला वाटे हा आचाऱ्याचा माणूस, आचाऱ्याला वाटे हा यजमानाचा काका. नाना दोघांचाही गैरसमज दूर करत नसत. बुफे असला तरी त्यांचं अडत नसे. टेबलाच्या पलीकडे जाऊन ते डाव हातात घेऊन उभे राहात, आणि पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला कोणी "तुम्ही जेवलात का?" असं विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी मूळचा बार्शीकडचा. बोईसरच्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो आणि जवळच्या समुद्रकाठच्या घिवली गावात नानांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहायला आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओटीवर बसवून विचारलं, "केमिस्ट म्हंजे साखरेतला कळत असेल ना तुला?" मी म्हटलं, "नाही हो नाना, मी कारखान्याच्या सांडपाण्यातलं आम्ल तपासतो." नानांनी क्षणभर विचार केला. "चालेल," म्हणाले, "रक्त पन पानीच हाय." त्या दिवसापासून मी त्यांचा सरकारी साक्षीदार झालो.

झालं होतं असं, की नोकरीतून मोकळे होता होता नानांच्या रक्तात साखर निघाली. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि भात, भाकरी, बटाटा, गोड हे सगळं अगदी कमी करायला सांगितलं. आता आमच्या किनाऱ्यावर सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री भात आणि मधे भूक लागलीच तर केळीच्या पानात भाजलेली तांदळाची पानगी. इथे माणसाने बायको सोडली तर लोक चार दिवस बोलतात आणि गप्प बसतात. भात सोडला तर गप्प बसत नाहीत.

नानांनी मात्र भात सोडला तो सोडलाच. त्यांच्या मागच्या दाराशी एका खिळ्यावर डाव्या पायाची एक चप्पल टांगलेली होती. जुनी, पण तळ न झिजलेली. मी एकदा विचारलं, तेव्हा नाना पहिल्यांदाच हसले नाहीत. त्यांच्या वडिलांची, दादांची होती ती. दादांनी चिंचणीच्या बाजारातून नवा जोड आणला आणि त्याच आठवड्यात साखरेने चिघळलेला डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. उजवी चप्पल झिजून गेली, डावी तशीच राहिली. नाना म्हणाले, "केमिस्ट, मरायचा तर सगल्यांनाच हाय. पन मी जाईन तो दोनी पाय घेऊन जाईन. एवढाच माझा हट्ट."

या हट्टाला सगळ्यात मोठा विरोध होता शेजारच्या घरात राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा, बायआत्याचा. आई लवकर गेल्यावर नानांना तिनेच वाढवलेलं. तिचं गणित वेगळं होतं. दादांनी शेवटच्या महिन्यात भात टाकला आणि मग ते गेले, म्हणून भात टाकला की माणूस जातो. ती रोज दुपारी कुंपणापाशी येऊन ओरडायची, "भास्कर, दोन शितं तरी खा रे! दादा असाच गेला!" एकाच माणसाच्या मरणातून बहीण-भावाने दोन उलटे धडे घेतले होते आणि दोघंही आपापल्या जागी प्रेमाने हटून बसले होते.

बाकीच्यांना एवढंही कारण लागत नव्हतं. भात सोडला की केस गळतात, असा मजकूर नानांच्या फोनवर एकाच दिवशी चार नातेवाइकांकडून आला. नानांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "उशीर केला म्हनून कळव त्यांना," मला म्हणाले. वाचनालयाच्या ओट्यावर त्यांनी मला साक्षीला उभं केलं. मी घसा खाकरून सांगितलं, की भातातल्या पिठाची पोटात साखरच होते. यावर एक म्हातारे उद्गारले, "अरे वा! म्हंजे वरनं दूध प्यायला का आत खीर तयार!" सगळा ओटा हसला. त्या दिवसापासून मला कोणी गंभीरपणे घेतलं नाही.

ही थट्टा थट्टाच राहिली असती, पण मुरबे गावात धनूमामाच्या घरी पूजा निघाली. धनूमामा म्हणजे नानांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा भाऊ. अंगाने आडवा, मनाने त्याहून आडवा, आणि पाहुणा पानावरून स्वतःच्या पायाने उठला तर यजमानाची अब्रू गेली असं मानणारा. त्याने नानांच्या पानात भाताचा डोंगर रचला. नाना नको नको म्हणाले. धनूमामाने गळ्याला हात लावला. "भाओजी, खाल्ला नाय तर माझ्या गळ्याची शपथ हाय!" तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून कोणीतरी सुमनकाकूंना ऐकवलं, "काय गं, नवऱ्याला भात रांधायचा कंटाला आला काय तुला?" सुमनकाकू रोज सकाळी उठून या माणसासाठी वांग्याचं भरीत, अंड्याची पोळी, तळलेले बोंबील असं वेगळं शिजवत. त्यांचे डोळे भरून आले. नानांनी ते पाहिलं आणि मुकाट्याने खाली मान घालून भात खाल्ला. त्यावर प्रसादाचा शिरा. त्यावर आग्रहाचे दोन लाडू.

दुसऱ्या दिवशी साखरेचा आकडा बघून डॉक्टरीणबाई नानांना टाकून बोलल्या. त्याच सुमाराला त्यांच्या टाचेला साधा फोड आला, तो भरायला दीड महिना लागला. तो दीड महिना नाना मागच्या दाराने जा-ये करायचं टाळत होते. मी जिन्यावरून बघत असे. त्यांना त्या चप्पलेची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होती.

पाय बरा झाल्यावर त्यांनी युक्त्या सुरू केल्या. पहिली युक्ती उपासाची. एका मुंजीत त्यांनी जाहीर केलं, "आज माझा उपास हाय." यजमानीण धन्य झाली आणि साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचा लाडू आणि वर साखर घातलेलं दूध घेऊन आली. नाना माझ्या कानात म्हणाले, "केमिस्ट, यापेक्षा भात काय वाईट होता?" दुसरी युक्ती डॉक्टरांचं नाव सांगायची. पण प्रत्येकाकडे त्याहून मोठा डॉक्टर निघे, कोणाचा सुरतेचा, कोणाच्या सासूच्या गावचा, आणि ते सगळे डॉक्टर भात भरपूर खायला सांगत. "भांडत का नाही तुम्ही?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "भांडायला ताकद लागते. ती म्हनं भातातनं येते."

आणि मग एका लग्नात चमत्कार झाला. वाढपी कमी पडले. गर्दीत कोणीतरी नानांच्या हातात वरणाची बादली दिली. नानांनी तीन पंगती वाढल्या, आणि घरी येताना माझ्या स्कूटरच्या मागे बसून आनंदाने माझ्या पाठीत गुद्दा मारला. "दोन तासांत एकानं विचारला नाय, भात खाल्ला काय म्हनून! बसलेल्याला सगला गाव वाढतो, उभ्याला कोन विचारतो? हाताला बादली लागली का तोंडाला सुट्टी!"

तिथून त्यांचं भाग्य उजळलं. घिवलीपासून तारापूरपर्यंत एकही कार्य त्यांच्याशिवाय होईना. घरून पोटभर खाऊन निघायचं, तिथे वाढायचं, मधेच खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकायचा. "नवऱ्याला उपाशी ठेवते" म्हणणाऱ्या बायकाच आता सुमनकाकूंना म्हणू लागल्या, "नाना किती राबतो गं! नशीबवान हायस." वाईट एवढंच झालं, की नानांना वाढायची चटक लागली. स्वतःला गोडाचा घास वर्ज्य असलेला हा माणूस दुसऱ्याच्या पानावर जिलबी अशी काही वाढायचा, की नको म्हणणाऱ्याची बोटं पाकात बरबटत. आणि धनूमामा पंगतीला असला की जुन्या शपथेची सव्याज परतफेड होई. "धनू, माझ्या गळ्याची शपथ!" असं म्हणत एका लग्नात त्यांनी त्याला अकरा जिलब्या घातल्या. मी मोजल्या. धनूमामाने त्या आनंदाने खाल्ल्या, कारण तो मनाचा चांगला होता.

पुढच्याच महिन्यात धनूमामाला साखर निघाली.

बातमी ऐकून नाना ओटीवर बसून राहिले. दुपारचं जेवणही पुढ्यात तसंच पडून राहिलं. मी समजावलं, की अकरा जिलब्यांनी एका दिवसात साखर होत नाही, ती आधीपासून असणार. "तू सांडपान्याचा केमिस्ट," ते म्हणाले, "मला फसवू नको. माझे पाय वाचवायला मी त्याचे घालवले." संध्याकाळी मला स्कूटर काढायला लावून ते मुरब्याला गेले. धनूमामा खाटेवर असा पडला होता, की जणू पाय आजच कापायचा आहे. नानांनी पिशवीतून आपलं दुसरं ओगराळं काढून त्याच्या छातीवर ठेवलं. "ऊठ. गोल्या वेळेवर घे, आनि उद्यापासून माझ्याबरोबर चल. पन तुला जिलबी नाय. तू मीठ वाढनार."

हळूहळू त्या दोघांच्या मागे ज्यांना-ज्यांना साखर होती असे सगळे काका-मामा लागले आणि नानांनी त्यांची रीतसर फौज बांधली. नवा भरती झालेला मीठ-लिंबावर. तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरली की कोशिंबीर. आणखी उतरली की भाजी, मग वरण. भात आणि गोड वाढायचा मान फक्त त्याला, जो मोहाच्या पलीकडे गेला आहे. धनूमामा कोशिंबिरीवर दीड वर्ष अडकला. एकदा शिऱ्याच्या पातेल्यामागे चमच्यासकट सापडला आणि सगळ्यांदेखत परत मिठावर उतरला. आता नाना जिलबी फिरवताना विचारत, "तुझी साखर बघितलीस काय रे?" लोक दचकून हात मागे घेत. काही यजमानांनी कुरकुर केली, पण गोड उरतं हे लक्षात आल्यावर तेही गप्प झाले.

बायआत्या मात्र शेवटपर्यंत बधली नाही. "हजार मानसांना भात वाढतो आनि सोता खात नाय, वेडा कुठला," असं ती कुंपणापलीकडून रोज म्हणे आणि नाना रोज उत्तर देत, "उद्या खाईन, बाय."

नाना गेल्या वर्षी गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. घरामागच्या वाडीतल्या झोपाळ्यावर सकाळी बसले होते, तिथेच हृदय थांबलं. धनूमामाने त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली, मग पुन्हा वर केली आणि रडत रडत सगळ्यांना दाखवून म्हणाला, "दोनी हायत. बघून घ्या."

दहाव्याला आम्ही किनाऱ्यावर गेलो. बायका सहसा जात नाहीत, पण बायआत्याला अडवणार कोण? गुरुजींनी भाताचा पिंड वाळूत ठेवला आणि आम्ही मागे सरलो. सुरूच्या झाडांवर कावळे भरपूर होते, पण पिंडाजवळ एकही येईना. अर्धा तास गेला. सुमनकाकूंना अंतर देणार नाही, असं सगळ्यांनी हात जोडून सांगून झालं. एक कावळा उतरला, भाताजवळ आला, मान वाकडी करून त्याने पाहिलं आणि चार उड्या मारून लांब जाऊन बसला.

बायआत्याचा संयम सुटला. "आता तरी खा रे दोन शितं!" ती कावळ्यावर ओरडली. "आता कसली साखर!"

गुरुजी म्हणाले, "ऊन वाढलं, आपण दर्भाचा कावळा करू." तेव्हा धनूमामा एकदम पुढे झाला. गळ्याला हात लावून तो म्हणाला, "भाओजी, ती शपथ सुटली. तुमाला आता भात खा म्हनून कोनी म्हननार नाय." आणि त्याने सदऱ्याच्या खिशातून सुक्या खोबऱ्याचा तुकडा काढून पिंडाशेजारी ठेवला. नानांच्या फौजेत आता सगळ्यांच्याच खिशात खोबरं असतं.

तो माघारी वळतो न वळतो तोच कावळा आला. भात ओलांडून त्याने खोबरं उचललं आणि ते चोचीत धरून आमच्याकडे बघत क्षणभर उभा राहिला. मग उडून गेला. भाताचं एक शीतही हललं नव्हतं. मला हसू आलं आणि हसताहसता रडू आलं. धनूमामाचंही तेच झालं. आम्ही दोघं भीतभीत बायआत्याकडे वळलो.

ती अजून आभाळाकडे बघत होती. "हट्टी मेला," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून तिने आम्हाला विचारलं, "नीट बघितलात ना? चांगला दोन पायांवर उभा होता."