एका बेहड्याचे तीन ऋतू

लोणावळ्याच्या काही हौशी मंडळींनी फोटोंची स्पर्धा जाहीर केली. नियम सोपा होता: मावळातली एकच जागा, उभं राहायचं ठिकाणही तेच, आणि ऋतू तीन, पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. बक्षीस चांदीचा पेला. आमच्या घरात कॅमेरा माझा, साधा पेटीचा, आणि तिवई उचलायचं काम ह्यांचं. हे शाळेत संस्कृत शिकवतात. त्यांना कशावरही श्लोक आठवतो, छत्री तेवढी आठवत नाही. "तीनदा जायचं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चारदा जावं लागलं तरी जाईन. बोलाफुलाला गाठ पडली म्हणायची, चारदाच जावं लागलं.

तुम्हाला जायचं असेल तर कामशेतला उतरा. पुण्याहून आता विजेचं इंजिन असतं, डोळ्यांत कोळसा जात नाही. स्टेशनाबाहेर भाताच्या दुकानांपाशी बैलगाड्या उभ्या असतात. गाडीवाला जो आकडा सांगेल त्यावर आधी हसायचं आणि मग निम्म्यापासून बोलणी सुरू करायची. डबा घरूनच न्या, पुढे चहासुद्धा मिळत नाही. आमचा गाडीवाला भिवा. वडिवळ्याच्या वाटेला लागला की तो गप्प व्हायचा, आणि ह्यांच्या श्लोकांवर तोच एक उतारा होता. वाडीचं नाव मात्र मी सांगणार नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. का, ते पुढे कळेलच.

जागा पहिल्याच फेरीत सापडली. भाद्रपद होता, पाऊस उघडझाप करत होता. एका घराच्या अंगणात, उखळापाशी उभं राहिलं की समोर भाताचं एक खाचर, खाचराच्या कडेला एकटा बेहडा, त्याच्यामागे नदी. डोंगर असणार, पण तो ढगात होता. एवढं ऐसपैस झाड आणि खाली माणूस नाही की जनावर नाही. भिवाला विचारलं, तर म्हणाला, बेहड्याखाली आमी बसत न्हाई. संस्कृतात ह्याला भूतवास म्हणतात, भुतांचं घर, असं ह्यांनी लगेच सांगितलं.

घर हौसाचं. विशीतली पोर, कपाळाला ठसठशीत कुंकू. घरात ती, सासू आणि धाकटा दीर किसन. तिचा नवरा धर्मा आदल्या वर्षीच्या आषाढात मासे धरायला नदीत उतरला आणि लोंढ्याबरोबर गेला. प्रेत काही मिळालं नाही. भावकीचं म्हणणं, आता त्याचे दिवस करून मोकळं व्हावं. हौसा ऐकत नव्हती. मला गूळपाणी देताना ती अगदी सहज म्हणाली, "मढं दिसल्याबिगर मी कुंकू पुसायची न्हाई, बाई." मला ती पोर आवडली. फोटो धुतले की तुलाही दाखवीन, असं मी तिला कबूल करून आले.

संध्याकाळी लोणावळा गाठून ह्यांच्या मित्राच्या तुंगार्लीच्या बंगल्यात उतरलो. तळ्यावरून धुकं उठलं ते सरळ व्हरांड्यात आलं, आणि समोरच्या खुर्चीतले हे दिसेनासे झाले. नुसता आवाज येत होता. मला ते मुळीच आवडलं नाही. मी ह्यांना सारखं बोलतं ठेवलं, आणि ही गोष्ट आमच्या संसारात प्रथमच घडली.

दुसरी फेरी मार्गशीर्षात. रस्ता वाळलेला, गाडी झपाट्याने गेली. थंडीत जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, मावळातलं वारं कानात शिरतं. भात कापून झाला होता, डोंगर स्वच्छ दिसत होता, बेहड्याची पानं पिवळी पडून गळत होती. नदीकाठी पाच-सहा माणसं पळसाच्या पानांचा एक पुतळा बांधत बसली होती. डोक्याच्या जागी नारळ, अंगात बंडी. मी आपली मोठ्याने म्हणाले, काय सुबक बुजगावणं आहे हो, पण पीक तर निघालं, आता राखण कसली? ह्यांनी माझा दंड असा धरला की दुखला. "अगं, गप्प. प्रेत मिळत नाही त्याचं असं शरीर करतात. हे जाळलं की तो मेला."

बंडी धर्माची होती. हौसाचं शेवटी कोणी ऐकलं नव्हतं. ती आत भिंतीला पाठ लावून बसली होती, हातात बांगड्या नव्हत्या, आणि माझ्याकडे बघूनही तिने मला ओळख दिली नाही. बाहेर पुतळा पेटला. ओल्या पानांचा धूर वर जाईना, तो बेहड्याच्या फांद्यांत अडकून तसाच राहिला. उजेड उतरत होता, म्हणून मी उखळापाशी उभी राहून फोटो घेतला आणि निघालो. परतीच्या वाटेत ह्यांना एकही श्लोक आठवला नाही.

वैशाखात तिसरी फेरी. उन्हाने रस्ता नुसता भाजत होता, पण करवंदं पिकली होती आणि भिवा मधूनमधून गाडी थांबवून ओंजळभर आणून द्यायचा. हौसा दारात बसून मीठ लावून कैरी खात होती. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू. किसनशी पाट लावला म्हणाली; त्यांच्यात धाकट्या दिराशी लागतो. कैरी कशासाठी ते विचारायची गरजच नव्हती. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरीचं मार्गी लागलं.

मग मी उखळापाशी तिवई लावली आणि कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं. बेहड्याला तांबूस कोवळी पानं फुटली होती. खाली एक माणूस उभा होता. काटकुळा, दाढी वाढलेली, दोन्ही हात अंगाशी. चित्रात माणूस असायला माझी हरकत नाही, पण खोडाच्या मधोमध? मी हाक मारली, "अहो, जरा डावीकडे सरका!"

तो सरकला. एक पाऊल. मी फोटो घेतला.

शेजारी सासू सुपात तांदूळ पाखडत होती. तिने विचारलं, "कुनाशी बोलताय, बाई?"

"तो काय, झाडाखाली."

तिने मान वर केली. तिची नजर थेट त्याच्यावर जाऊन थांबली, मी पाहिलं. "तितं कुनी न्हाई," ती म्हणाली आणि परत पाखडू लागली.

मी ह्यांच्याकडे वळले. तुम्हाला दिसतोय ना, असं मी हळूच विचारलं. हे म्हणाले, दिसतोय, आणि तो आपल्याकडेच बघतोय. तेवढ्यात दोन बायका हंडे घेऊन नदीकडे गेल्या. त्याच्या इतक्या जवळून गेल्या की पदर लागावा, पण त्यांचं बोलणं तुटलं नाही की मान वळली नाही. घरचं कुत्रं तेवढं शेपूट हलवत गेलं आणि त्याच्या पायाशी लोळलं. मग म्हातारी उठली. पळसाच्या पानावर भाकरी आणि चटणी घेऊन गेली, झाडापासून थोड्या अंतरावर पान ठेवलं आणि मागे न बघता परत आली. "कावळ्याला," तिने मला सांगितलं. "रोजच ठेवते." एकही कावळा आला नाही. तो उकिडवा बसला आणि खाऊ लागला.

तिवई आवरून आम्ही गाडीत बसलो, तशी हौसा मागून धावत आली. फोटूत मेलेलं माणूस येतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, छे, समोर असेल तेच येतं. तिने गाडीचं चाक धरलं. "मग आदी मला दावा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला दावायच्या आदी."

वाडी मागे पडल्यावर भिवाला बोलतं केलं. फाल्गुनात आला, म्हणाला. कुठून, ते कोणी विचारलं नाही. तोवर पाट लागून हौसाला दिवस गेले होते. मी चिडले. म्हटलं, अरे, जिवंत माणूस, स्वतःच्या दारात आलेला, आणि आई म्हणते कुणी नाही? भिवाने बैलांवरची नजर काढली नाही. "त्येचं दहन झालंय, बाई. गाव त्येच्या तेराव्याला जेवलंय. जेवल्यालं वकता येतं व्हय? आता भूत म्हनलं तर भाकर तरी देता येती." मी विचारलं, मग तो जिवंत आहे की भूत, तुला काय वाटतं? भिवा म्हणाला, मी बी नीट बगितलं न्हाई. बगायचं न्हाई असं ठरलंय.

तिन्ही ऋतू मी एकाच रोलवर घेतले होते. न्हाणीघरात लाल दिवा लावून रोल धुतला. तिसऱ्या फोटोत पानं वाऱ्याने थोडी पुसट आली होती; तो मात्र ठळक आला होता, आणि भिंग लावलं तर चेहरा ओळखता येत होता. हे म्हणाले, शास्त्रात अशा माणसाला परत घ्यायचा विधी आहे; नवा जन्म झाला असं धरून सगळे संस्कार परत करायचे आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मी विचारलं, आणि किसन? आणि तिच्या पोटातलं?

फोटो सुरेख आले होते, माझ्याच तोंडाने सांगते. पेला मिळाला असता. पण प्रदर्शन लोणावळ्याला भरायचं होतं, सगळं मावळ लोटणार, आणि त्या भिंतीवर धर्मा उभा राहणार. मी फोटो पिशवीत घातले आणि चौथ्यांदा कामशेतची गाडी धरली.

ज्येष्ठ लागला होता. बाजारात हौसा जांभळांची पाटी घेऊन बसलेली सापडली, पोट आता दिसत होतं. पहिले दोन फोटो तिने भराभर बाजूला केले. तिसरा हातात धरून बराच वेळ बसली. गिऱ्हाईक भाव विचारून निघून गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिने जांभळाने रंगलेला अंगठा त्या माणसावर ठेवला, तसाच ठेवला.

"झाड लय चांगलं आलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, हौसा, अगं.

"त्यो जिता असंल तर ह्या लेकराला मी कुनाचं म्हनू?" तिचा आवाज चढला नाही. "म्या त्येचं कुंकू पुसलंय. तुमी शिकल्याल्या हाय, तुमी खोटं बोलायच्या न्हाई. सांगा, हितं कुनी हाय का?"

माझी जीभ कशी आहे, हे आमच्या आळीत कोणालाही विचारा. भाजीवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत कोणाला मी खरं सुनावल्याशिवाय सोडलेलं नाही. मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाही. कोणी नाही."

तिने फोटो परत दिला. माझ्या पदरात जांभळं ओतली आणि पैसे घेतले नाहीत.

स्पर्धेला मी काहीच पाठवलं नाही. पेला तुंगार्लीच्या तळ्याचे फोटो घेणाऱ्या कोणा गृहस्थांना मिळाला. चांगले होते म्हणतात. ह्यांनी मला एकदाही विचारलं नाही, आणि ह्यांच्यासारख्या माणसाने न विचारणं काय असतं, ते मलाच माहीत. तुम्ही मावळात जरूर जा. भाद्रपदात जा, तेव्हा तिथलं हिरवं डोळ्यांत मावत नाही. माझं विचाराल तर मला त्या फेऱ्यांतलं एकच सारखं आठवतं: मी सरका म्हटलं आणि तो सरकला. इतका लगेच, जणू महिनोन् महिने कोणीतरी काहीतरी सांगावं म्हणूनच तिथे उभा होता. तो परत आल्यापासून त्याच्याशी बोललेलं माणूस बहुधा मी एकटीच, आणि तो आहे का असं विचारलं तेव्हा मीही नाही म्हटलं.