दिवसाढवळ्या लावलेलं दार

आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. बाहेरचं तर नाहीच, आतल्या खोल्यांचंही नाही. दिवसाढवळ्या दार बंद दिसलं की शेजारीण कुंपणावरून मान काढून विचारते, "काय झालं गं? सगळं ठीक ना?" बुऱ्हाणपूरच्या ह्या घरात येऊन मला छत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आतलं दार दिवसा एकदाच लागलं होतं, आणि ते मीच लावलं होतं.

म्हणून ती पोरगी पहिल्या मंगळवारी आली, थेट सासूबाईंच्या खोलीत शिरली आणि वळून मला गोड आवाजात म्हणाली, "आंटी, दार लावून घेते हं," तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दार लागलं. आतून कडीचा आवाज आला. मी हातात चहाचा ट्रे घेऊन माझ्याच घरात परक्यासारखी उभी.

ही पोरगी म्हणजे काउन्सेलर. वय तीस-बत्तीस, जैनाबादहून पूल ओलांडून स्कूटीवर यायची. म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं, हे तिचं काम. शिकलेली होती म्हणे त्यातलं. ऐकायला कसलं शिक्षण लागतं, असं मी आमच्या ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तुला ते येत नाही, म्हणजे लागत असेल." असली उत्तरं द्यायला ह्यांना बरोबर सुचतं.

तिला आणावं लागलं त्याचं कारण असं. श्रावणात सासरे गेले. चार वर्षं अंथरुणाला खिळून होते, आणि सासूबाई चार वर्षं त्यांच्या खाटेच्या कडेला बसून होत्या. ते गेल्यावर त्या रडल्या, सगळ्यांशी नीट बोलल्या. पण तेराव्यानंतर त्यांचं बोलणंच आटलं. "हो", "नको", "ठेव तिथे". अर्धी भाकरी खायची आणि खाटेची जागा रिकामी झाली होती तिकडे तोंड करून बसायचं. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, शरीराला काही नाही, मनात काही अडकलंय, कुणाशी तरी बोलू द्या.

कुणाशी तरी म्हणजे माझ्याशी नव्हे, हे उघडच होतं. आमच्या ह्यांच्याशी, शेजारणीशी, दूधवाल्याशी त्या चार शब्द बोलायच्या. मी समोर आले की गप्प.

त्यात खंडव्याहून ननंदबाईंचा फोन आला. "वहिनी, आईचं तिथे मन लागत नाहीये. संक्रांतीला येते आणि तिला घेऊन जाते. आता कायमची." दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी आपली खाकी पिशवी काढली आणि दोन लुगडी, जपमाळ, बामची बाटली असं एकेक भरायला सुरुवात केली. काउन्सेलर पोरीने मध्ये पडून एवढंच ठरवलं की संक्रांतीपर्यंतचे मंगळवार बसू, मग आजी स्वतः सांगतील राहायचं की जायचं.

आता सांगा, ऐंशी पार केलेली सासू सुनेचं घर सोडून लेकीकडे गेली तर गाव काय म्हणेल? लेकीचं प्रेम म्हणेल का? छे! सुनेने हाकलली म्हणेल. ज्या घरात मी त्यांचं पथ्यपाणी, सासऱ्यांचं सगळं हगणं-मुतणं केलं, त्या घरातून त्या पिशवी घेऊन निघणार, आणि निघायचं की नाही ते ठरणार बंद दारामागे, एका परक्या पोरीसमोर! मला झोप येईना. आत माझ्याबद्दलच बोलणं चाललंय, ह्याची मला खात्रीच होती.

तिसऱ्या मंगळवारी ती बाहेर पडताना मी तिला गाठलं. "काय म्हणतात आई?"

"आंटी, ते मी नाही सांगू शकत. आजींना वाटेल तेव्हा त्या सांगतील ना."

"घर माझं, पंखा माझा, खुर्ची माझी, आणि मलाच सांगायचं नाही?"

ती हसली. "आंटी, आपका गुस्सा सही है. पण नाही सांगणार."

आणि चहा? तो ती कधीच घ्यायची नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. मी विचारलं, मंगळवारचा उपास असतो का, तर म्हणे कामावर असताना घेत नाही. आमच्याकडे भांडायला आलेला माणूसही अर्धा कप घेऊन जातो. जी बाई घरात तासभर बसते आणि घोटभर पाणी घेत नाही, तिच्या मनात काय असेल? पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

मग स्वेटरचं सुरू झालं.

स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला माझा निळा स्वेटर असतो. कोपराला रफू केलेला, जुनाच, सकाळी आंघोळीआधी घालायचा. एका मंगळवारी दुपारी बघते तर खुंटी रिकामी. संध्याकाळी बघते तर स्वेटर जागेवर, पण बाह्या आत घातलेल्या, आणि त्याला सासूबाईंच्या बामचा वास. पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. ती पोरगी यायच्या जरा आधी सासूबाई भिंत धरत धरत आल्या, स्वेटर काढला, पदराखाली घेतला आणि खोलीत गेल्या. मी कोथिंबीर निवडत मान खाली घालून बसले होते.

शेजारणीला सांगितलं, ती माझी चूक. तिचे डोळेच विस्फारले. "अगं बाई! अंगावरचा कपडा नेतात? हे साधं नाही. अंगावरच्या कपड्यावरच करणी करतात. माझ्या मावससासूचं असंच झालं होतं."

"चल, काहीतरीच," मी म्हटलं. मी शाळेत तीस वर्षं शिकवलंय. भुताखेतांवर विश्वास ठेवू नका, असं फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घेतलंय. पण घरी आल्यावर मी काय केलं? एक लिंबू घेतलं आणि स्वेटरच्या खिशात ठेवलं. नुसतं असावं म्हणून.

पुढच्या मंगळवारी जाताना ती पोरगी स्वयंपाकघराशी थांबली आणि तळहात पुढे केला. "आंटी, ये आपका निंबू. जेबमधून पडलं." चेहऱ्यावर काही नाही, हसू नाही की काही नाही. मी म्हटलं, हो, वरणात पिळायला ठेवलं होतं. स्वेटरच्या खिशात! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्यानंतरच्या मंगळवारी मी ठरवलं, आता बास. आमच्या घराच्या मागे धुणं वाळत घालायची जागा आहे. सासूबाईंच्या खोलीची खिडकी तिकडे उघडते आणि तिच्या फळीला एक फट आहे. बादलीत दोन कोरडे टॉवेल टाकले, कुणी पाहिलं तर वाळत घालतेय म्हणायला, आणि गेले. शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट नेमकी थांबलेली होती, वीज गेली असावी. एरवी वीज गेली की मी शिव्या घालते, त्या दिवशी हात जोडले.

फटीतून पाहिलं. सासूबाई स्टुलावर बसलेल्या. ती पोरगी बाजूला, कोपऱ्यात, हात मांडीवर ठेवून अगदी गप्प. आणि सासूबाईंच्या समोर रिकामी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर माझा निळा स्वेटर नीट चढवलेला, दोन्ही बाह्या पुढे घेऊन मांडीवर ठेवल्यासारख्या.

सासूबाई त्या खुर्चीशी बोलत होत्या.

रामराम म्हणत होते मी मनात, खोटं कशाला सांगू. मग शब्द ऐकू यायला लागले.

"खाट द्यायला नको होती गं तू," त्या खुर्चीला म्हणत होत्या. "मला विचारायचं तरी."

ती खाट. तेराव्याला शय्यादान करायचं असतं, गेलेल्या माणसाच्या नावाने गुरुजींना खाट, गादी, छत्री, चपला द्यायच्या. लोक बाजारातून नवी खाट आणतात. आमचे हेही आणणार होते. मीच म्हटलं, कशाला? आजारपणाची खाट घरात ठेवू नये, तीच देऊन टाका, सागाची आहे, गुरुजीही खूश होतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. नदीवरचे विधी उरकून माणसं राजघाटावरून परत येईपर्यंत खाट टेम्पोत चढली होती. सासूबाई आत बायकांत बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणजे एवढ्यासाठी? एका खाटेसाठी घर सोडून निघाल्या? माझा तिळपापड झाला. बादली आपटावी असं वाटलं. तेवढ्यात त्या पुढे बोलल्या.

"पण मी कोणत्या तोंडाने बोलू तुला? तुझा पाळणा मी असाच दिला होता. तू दवाखान्यात होतीस. तुलाही मी नव्हतं विचारलं."

बादलीतला कोरडा टॉवेल उचलून मी पिळत राहिले.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. मुलगा होता. पाळणा माझ्या वडिलांनी दापोऱ्याहून पाठवला होता, गावच्या सुताराकडून बनवून, वर दोन लाकडी पोपट होते. पाचव्या दिवशी मी दवाखान्यातून घरी आले तर खोलीचा तो कोपरा रिकामा, झाडून पुसून स्वच्छ. पाळणा नदीपलीकडे कुणाला तरी देऊन झाला होता. कुणी काही बोललं नाही. मी दार लावून घेतलं. ते एकदाच दिवसा लागलेलं दार म्हणजे हेच. पुढे मुलगी झाली, तेव्हा मी नवा पाळणा घरात येऊ दिला नाही. ती साडीच्या झोळीत वाढली. सगळे म्हणायचे, किती साधी राहणी!

आत सासूबाई म्हणत होत्या, "नजरेआड केलं की माणूस विसरतं, असं वाटलं होतं मला. आता कळलं. खाटेची जागा रोज बघते तेव्हा कळतं. तुझ्यासमोर ताट घेऊन बसले की घास उतरत नाही गं. म्हणून जाते लेकीकडे. तुझं काही चुकलं म्हणून नाही."

खाई त्याला खवखवे म्हणतात. इतके दिवस त्या बंद दारामागे माझ्या कागाळ्या चालल्यात असं मला का वाटत होतं, ते मला त्या फटीशी उभं राहून उमगलं. खाट उचलून द्या, असं मी म्हटलं ते आजारपणाची म्हणून म्हटलं. सगळ्यांना तेच सांगितलं, स्वतःलाही. पण खाट टेम्पोत चढत होती तेव्हा ते दोन पोपट माझ्या डोक्यात नव्हते, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

बादली तिथेच टाकून मी आत आले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच घरातल्या दारावर टकटक केली. कडी निघाली. त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून विचारलं, "आजी, आंटी आहेत. येऊ द्यायचं?"

आतून आवाज आला, "येऊ दे."

मी गेले, खुर्चीवरचा स्वेटर काढून मांडीवर घेतला आणि बसले. खुर्चीशी एवढं बोलणाऱ्या सासूबाई मला बघून गप्प. मी मेली जन्माची बडबडी. पण तोंडातून आलं ते एवढंच.

"आई, खाट मी मुद्दाम दिली."

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

मग मी रडले. छत्तीस वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदा. त्या उठल्या नाहीत, जवळ घेतलं नाही, तसं आमच्यात नाहीच. हात लांब करून स्वेटरची बाही धरली आणि रफूवरून बोट फिरवत बसल्या. "मुलगा होता ना गं," एवढंच म्हणाल्या. त्या बाळाबद्दल त्या घरात कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं.

ती पोरगी कधी उठली कळलं नाही. जाताना तिने दार अलगद ओढून घेतलं. चहा त्या दिवशीही घेतला नाही, हे सांगितलंच पाहिजे.

डोळे पुसून मी विचारलं, "खंडव्याला काय कळवू?"

"सांग तिला, संक्रांतीला ये. तिळगूळ घे आणि जा. मी येते उन्हाळ्यात, चार दिवस."

मी बरं म्हटलं. स्वयंपाक पडला होता, बाहेर शेजारणीच्या चपला वाजल्या, ती नक्कीच बंद दार बघून आली होती. मी सवयीने उठले आणि दार उघडायला हात पुढे केला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "थोडा वेळ लागलेलंच राहू दे."