रुद्राणीच्या रागावरचं औषध

सोनपेठच्या बाजारपेठेत रुद्राणी गल्ल्यावर बसली की वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याची खैर नसे. नवरा शंभुराज एसटीचा चालक, सदा मुक्कामी गाडीवर. किराणा दुकान तिनंच उभं केलेलं. माप चोख आणि जीभ तिखट. त्यामुळे ऐन पस्तिशीत तिचं बीपी वाढलं, तेव्हा कारण अख्ख्या घराला आधीच ठाऊक होतं. राग!

डॉक्टरही तसलेच भेटले. एकानं गोळी दिली, दुसऱ्यानं ती दुप्पट केली, तिसऱ्यानं आणखी एक जोडली आणि वर उपदेश पाजला, "ताई, टेन्शन घेऊ नका." पायात गोळे येतात, हातातलं बळ जातं, रात्रीतून चारदा लघवीला उठावं लागतं, हे ती जीव तोडून सांगत होती. कुणी मनावर घेतलं नाही. बाईच्या दुखण्याला आपल्याकडे वजन नाही, तिचा राग मात्र सगळेच तोलायला बसतात.

मग सासऱ्यांनी, नागप्पांनी, घरचा उपाय काढला. घर शिवभक्तांचं, सोमवारी मौन धरायची जुनी रीत. "तोंड बंद ठिवलं की बीपी आपसूक उतरतंय," ते म्हणाले. सोमवारचं मौन वाढत वाढत अख्ख्या श्रावणाचं झालं. मुकी बाई दुकान कसं चालवणार? म्हणून धाकटा दीर मल्लेश गल्ल्यावर बसला. "वैनी, तुमी आराम करा. तुमचा बीपी लय वाईट हाय." ही माया ऐकून कुणाच्याही अंगाचा तिळपापड व्हावा. रुद्राणीचा झालाच, पण बोलायची सोय नव्हती.

एका दुपारी म्हातारी तानुबाई डाळ न्यायला आली. तिला नीट दिसत नाही हे बाजाराला माहीत. मल्लेशनं तिच्या पिशवीत सरळ किडकी डाळ भरली. रुद्राणी कोपऱ्यात बसून बघत होती. तोंड उघडलं तर बीपीचं खापर पुन्हा तिच्याच माथी फुटणार! ती पिशवी हिसकावायला उठली, पायांतलं त्राणच गेलं आणि तिथंच कोसळली. मल्लेश घरच्यांना हाका मारत ओरडला, "बघा, परत चिडल्या!"

शंभुराज रजा टाकून तिला परभणीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर अर्पितांनी बीपी मोजलं, सगळ्या गोळ्या पाहिल्या आणि विचारलं, "पायात गोळे येतात का?"

रुद्राणीला रडू कोसळलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हे कुणीतरी विचारलं होतं.

रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलेलं निघालं. मग आणखी तपासण्या झाल्या, स्कॅन झालं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, तिच्यात वाटाण्याएवढी गाठ सापडली. ती गाठ नको तेवढं संप्रेरक रक्तात सोडत होती, अंगात मीठ धरून ठेवत होती, पोटॅशियम लघवीवाटे घालवत होती आणि बीपी चढवत होती. "इतक्या कमी वयात, इतक्या गोळ्यांनीही बीपी उतरत नसेल तर मागचं कारण शोधायलाच हवं होतं," अर्पिता म्हणाल्या. रुद्राणीच्या मनात आलं, शोधायचं कशाला? माझं तोंड सापडलं होतं ना सगळ्यांना!

मोठ्या दवाखान्यात गाठ काढली. हळूहळू बीपी जागेवर आलं, गोळ्या सुटल्या. घरी पेढे वाटले गेले. नागप्पा पाहुण्यांना सांगत सुटले, "रोग गेला, आता सून गरीब गाय झाली."

दुसऱ्या दिवशी रुद्राणी दुकानात गेली. मल्लेश गल्ल्यावरच होता.

"उठा, भावजी."

"वैनी, चिडू नगा, तुमचा बीपी..."

"बीपी गेलाय, दवाखान्यात कापून टाकलाय." तिचा आवाज पलीकडच्या चार दुकानांत गेला. "राग तेवढा ऱ्हायलाय. त्यो रोग न्हवता, माझा हाय. उठा!"

मल्लेश उठला.