नाव कोरलेला लोटा

शुक्रवारी संध्याकाळी टीम लीडरनं मले सगळ्यांसमोर पुढे बोलावलं. रिबिन बांधलेला पितळेचा लोटा हातात देल्ला. म्हणाला, "आपल्या टीमची टॉयलेट क्वीन! जोरात टाळ्या." टाळ्या वाजल्या. शिट्ट्याही. लोट्यावर माझं नाव कोरलं होतं, लग्नात आहेराच्या भांड्यावर कोरतात तसं. म्हणजे हा माणूस भांड्याच्या दुकानात उभा राहून माझं नाव कोरून घेऊन आला. केवढी ही मेहनत! अन् मी? मी हसली. फोटोही काढू देल्ला. त्या हसण्याची आठवण आली की अजून अंगाची लाही होते.

विमानतळाजवळ मिहान म्हणून कंपन्यांची वसाहत आहे, तिथल्या एका कंपनीत मी फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम करते. जागेवरून उठलं की मोठ्या स्क्रीनवर माझं नाव लाल होते. अख्ख्या मजल्याले दिसते. मले अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्यात सूज, जखमा. चौथीत असताना संडासातून रक्त पडायले लागलं, तेव्हापासून. आता रक्त थांबलं, पण संडास लागली की लागली. धरून ठेवता येत नाही.

चौथीत गुरुजींपुढे हात वर केला होता. "नाटकं नको करू, बस खाली." बसली. बाकावरच झालं. पोरं नाक दाबून बाहेर पळाली. घरी आई म्हणाली, "कोणाले सांगू नको वं. उद्या लग्न जमणार नाही." झालं. मी तोंड शिवून घेतलं. आजारानं अन् औषधांनी उंची खुंटली, हाडं ठिसूळ झाली. लोक म्हणत, पोरगी खातच नाही. मी म्हणायची, हो.

यंदा डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. "रक्त थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही. तुझा लहानपणी सुरू झाला. आतडं जितकी वर्षं सुजलेलं, तितका कॅन्सरचा धोका वाढत जातो. तुला दरवर्षी दुर्बिणीनं तपासावं लागेल."

मी दोन दिवस सुट्टी मागितली. एक दिवस पोट साफ करायचं औषध प्यायले, एक तपासणीले. टीम लीडर सदरसारख्या पैसेवाल्या वस्तीतल्या बंगल्यातून कारनं येते. संडासले जाऊ का, असं याले जन्मात कोणाले विचारावं लागलं नाही. म्हणाला, "मस्त तर दिसून राहिली तू. बरी माणसं दवाखान्यात जातात का?" सुट्टी नाही. त्याच हप्त्यात लोटा.

लोटा बॅगेत कोंबून घरी आणला. सकाळी उठली तर देवघरात! डबा काढताना आईले सापडला होता. आमच्याकडे नवं भांडं पहिले देवाले. पाणी भरून, कुंकू लावून ठेवला होता तिनं. शेजारच्या काकूले सांगून राहिली होती, "ऑफिसनं बक्षीस देल्लं. नाव कोरून!"

काकू गेल्यावर मी म्हणाली, "आई, बक्षीस नाही ते. मी घडीघडी संडासले जाते म्हणून देल्लं."

आईनं कपाळावर हात मारला. "अवं माय! देवाजवळ ठेवला मी! फेक लवकर. कोणाले समजलं तर?"

कोणाले समजलं तर! माझं डोकंच फिरलं. अख्खं लहानपण याच भीतीत गेलं. उद्या कॅन्सर झाला तर तोही लपवायचा काय? काहून? कोणासाठी?

सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये लोटा टीम लीडरसमोर टेबलावर ठेवला. म्हणाली, "मले लहानपणापासून आतड्याचा आजार आहे. त्याच्यात कॅन्सर होऊ शकते, म्हणून तपासणी आहे. बुधवारी अन् गुरुवारी मी येणार नाही."

"अरे यार, मजाक होता तो."

"मी सुट्टी मागून नाही राहिली. सांगून राहिली."

या वेळी टाळ्या वाजल्या नाही. अन् तेवढ्यात मले लागली. लोटा उचलला, सगळ्यांच्या मधून सरळ गेली. स्क्रीनवर नाव लाल झालं असेल. होऊ दे.

लोटा फेकला नाही म्हणून आई माझ्याशी बोलून नाही राहिली. नको बोलू. बुधवारी ते खारट औषध मी याच लोट्यातून पिणार, समोरच्या खोलीत बसून, दार उघडं ठेवून. काकू आली तर तिलेही सांगीन कशाचं औषध आहे ते. नोकरी गेली तर दुसरी पाहीन. आतडं दुसरं भेटत नाही. तपासणी मी चुकवणार नाही, यंदा नाही अन् पुढच्या साली नाही.