गुरुजींच्या घराचं माप

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते तीर्थपुरीच्या आमच्या गुरुजींचं. आमच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. वडिलांची समजूत घालून त्यांनीच मला शिकायला पाठवलं.

पदवीनंतर वास्तुकलेच्या पुढच्या शिक्षणासाठी मी दिल्लीला गेलो. वसतिगृहात पंजाबी, बंगाली, मद्रासकडची मुलं होती. सिलोनहून आलेल्या मुलालाही तमिळ बोलणारे दोघे मिळाले होते. मराठीत भांडायलासुद्धा मला कुणी नव्हतं. म्हणून एका जुन्या घराचे नकाशे करायचं ठरलं, तेव्हा मी गुरुजींचं घर सुचवलं. वाटलं, आपलं माणूस यांना दाखवता येईल.

आम्ही तिघे तीर्थपुरीला आलो. गुरुजी आणि त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना मी काका म्हणे, एका चुलीवर राहत. आमच्या शिक्षणाच्या रीतीप्रमाणे आधी घराचा मध्य काढायचा. बंगाली आणि पंजाबी मित्रांनी फीत धरली, मी खडूने दारापासून परसापर्यंत सरळ रेघ ओढली. आमच्याकडे घराला फीत लागते ती भाऊ वेगळे होताना. लहानपणापासून हे मला ठाऊक. त्या दिवशी आठवलं नाही.

काका शेतातून आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"दादा, वाटणी करायची व्हती तर मला बोलायचं. बाहेरून मोजणीवाले कशाला आणले?"

"अरे, आपलंच पोरगं हाय ते. अभ्यास करून राह्यलेत."

"मंग रेघ बराबर मधून कशी?"

गुरुजी रेघेकडे बघू लागले, मी खाली वाकून फीत गुंडाळू लागलो. धाकट्या काकू आपली भांडी वेगळी काढू लागल्या. "क्या हुआ?" पंजाबी मित्राने विचारलं. मी "कुछ नहीं" म्हणालो.

सकाळी गुरुजी मोटारीपर्यंत आले. "मापं झाली ना पुरी?" एवढंच बोलले. वाटेत मित्र गप्पा मारत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. वसतिगृहात पोचल्यावर हे पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार.

हे पत्र काकांना वाचून दाखवावं. काका, रेघ गुरुजींनी सांगितली नव्हती, मी ओढली. तुमच्यासमोरच हे बोलायला हवं होतं. मित्रांपुढे लाज वाटली आणि मी गप्प राहिलो.

नकाशा अजून दिलेला नाही. तुम्ही दोघांनी 'दे' म्हटलं तरच देईन. नको असेल तर दुसरं घर शोधीन, वर्ष गेलं तरी चालेल. चूल एकच आहे ना, एवढं मात्र जरूर कळवावं."