कुठं निघालासा?

प्रदीपचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एका गालाला फेस, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. तो म्हणाला, "काका, अण्णा गेले." मी म्हणालो, "कुठं?" मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून आवाज चढवून पुढचं विचारलं, "एकटेच गेलेत काय? काय आणायला?" मग त्याचा हुंदका ऐकू आला, आणि माझ्या डोक्यात जे शिरायचं ते शिरलं. बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन फोन माझ्या खांद्यावरून काढून घेतला. अण्णा तिचे थोरले भाऊ. माझ्या गालावरचा फेस तिनंच पदरानं पुसला, आणि मग ती खाली बसली.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो, की गेली नऊ वर्षं आमच्या दोन्ही घरांत "अण्णा गेले" या वाक्याचा एकच अर्थ होता. अण्णा काहीतरी आणायला गेले.

त्याआधी अण्णा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. हाताचा अंदाज असा, की लेथवरचा लोखंडी तुकडा बोटांनी चाचपून ते मापातला फरक सांगायचे आणि मग माप लावलं की तेवढाच निघायचा. पेठ वडगावच्या एका लग्नाहून मोटरसायकलवरून परत येताना कुत्रं आडवं आलं. अण्णा डोक्यावर पडले. ऑपरेशन झालं, बरेच दिवस दवाखान्यात काढले, आणि घरी आले ते चालत, बोलत, शिव्या देत. आम्ही पेढे वाटले. मग हळूहळू लक्षात यायला लागलं. जुनं सगळं जागेवर होतं. शाळेतले मास्तर, तालमीतले पैलवान, गल्लीतलं कोण कुणाचं कोण, सगळं. नवं मात्र टिकायचं नाही. मनाला लागलेली गोष्ट राहायची, बाकीची सांगितल्यावर थोडा वेळ असायची आणि मग निसटायची. वाट ते कधी चुकले नाहीत. कशासाठी निघालो, ते चुकायचं.

वहिनी आधीच गेलेल्या. घरात मुलगा प्रदीप, त्याची बायको पल्लवी आणि अण्णा. पल्लवीनं चिठ्ठी लिहून द्यायला सुरुवात केली. पण खिशात चिठ्ठी आहे, हे लक्षात ठेवायला दुसरी चिठ्ठी लागली असती. धुण्याच्या वेळी अण्णांच्या शर्टातून चिठ्ठ्यांचा लगदा निघायचा. तरीही अण्णा जायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर वस्तू घेऊन यायचे. बहुतेक करून दहीच. हे कसं काय जमतं, असा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. जमत होतं, आम्ही गप्प होतो.

गप्प राहिलो नाही तो मीच. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे मेंदूबद्दल मला चारचौघांपेक्षा जास्त कळतं, असा माझा एक समज होता. एके दिवशी तालमीच्या कट्ट्यापाशी अण्णा दिसले. बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, आमच्या पेठेत "कुठं निघालासा?" ही चौकशी नसते, तो नमस्कार असतो. पुण्याच्या माझ्या साडूंना ते अजून पटलेलं नाही. तर कट्ट्यावरच्या तिघांनी एकापाठोपाठ एक विचारलं, "काय अण्णा, कुठं निघालासा?" आणि अण्णा मान हलवत मोठ्यांदा म्हणत होते, "दही आणायला… दही आणायला… अर्धा किलो दही." एकच शब्द पुन्हा पुन्हा. मला वाटलं, दुखणं वाढलं.

त्याच संध्याकाळी मी पेठेतनं फिरलो. गिरणीवाल्या मावशी, सायकल दुकानवाला, कट्टा, सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "अण्णांना वाटेत काही विचारत जाऊ नका. डोक्यावर ताण येतोय. डॉक्टरांनी सांगितलंय." डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. वजन पडावं म्हणून ते मी घातलं. आमच्या पेठेनं आजवर कुणाचं ऐकलेलं नाही. माझं मात्र ऐकलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा दही आणायला निघाले. मावशींनी नुसते हात जोडले. सायकलवाला खाली वाकून चाकात हवा भरत राहिला. कट्ट्यावरची माणसं आभाळाकडं बघत बसली. अण्णा डेअरीवरून सरळ पुढं गेले, रंकाळा तळ्यापर्यंत. प्रदीपला दोन तासांनी सापडले, काठावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. परत घरी येऊन विचारायचं, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही. "इचारायलाच माघारी याचं, तर एकटा कशाला गेलतो?" असं ते म्हणाले म्हणे.

पल्लवीनं त्या दिवशी अण्णांच्या चपला आतल्या खोलीत ठेवल्या. तिला दोष देण्यात अर्थ नाही. ती मला म्हणाली, "काका, उद्या गाडीखाली आले तर मी कुणाला तोंड दाखवू?" मी गंभीरपणे मान हलवली. झाल्या प्रकाराचं मूळ आपल्या घरी आहे, याचा मला पत्ता नव्हता.

आठ दिवस अण्णा कॉटवर बसून होते. त्यांना भेटायला आम्ही दोघं गेलो. ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, बहिणीला म्हणाले, "सुमे, माझं काय चुकलं गं? पेठंत कोण बोलंना झालंय."

"कोण काय म्हणालं तुला?"

"कोण काय म्हणंनाच झालंय की. कुठं निघालासा म्हणून बी इचारत न्हाईत. इचारलं म्हंजे मी सांगतो. सांगितलं म्हंजे ऱ्हातंय. दोन घरं जातंय, मग परत कोणतरी इचारतंय…" आणि थांबून म्हणाले, "मला वाळीत टाकलंय काय?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. महिना मागचा होता, तरी वाचत होतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर बायकोला जास्त विचारावं लागत नाही. तिनं फक्त, "काय सांगितलासा लोकांना?" एवढंच विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, डॉक्टरांसकट.

दुसरी फेरी पहिलीपेक्षा अवघड गेली. गिरणीवाल्या मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मास्तर, परवा म्हणालासा बोलू नका. आज म्हणतासा बोला. डॉक्टर बदलला काय?" सायकलवाला म्हणाला, "आमी रेडिओ हाय व्हय? बटण दाबलं की चालू, बटण दाबलं की बंद?" कट्ट्यावर तर मला चहा पाजून तासभर झोडपलं. सगळं ऐकून घेतलं. त्यांचा तो हक्कच होता.

मग पल्लवीची समजूत. ती शेवटी एवढंच म्हणाली, "एकदा जाऊ देत. पण दही घेऊनच आले पायजेत. रिकाम्या हातानं आले, तर परत चपला मागायच्या न्हाईत." मला अण्णांच्या मागं वीस पावलांवरून चालायची परवानगी मिळाली, तोंड न उघडण्याच्या अटीवर. ही अट सुमनची होती.

निघाले अण्णा. मावशींनी गिरणी बंद करून ओरडून विचारलं, "अण्णा, कुठं निघालासा?" कट्ट्यावर पाचजणांनी विचारलं, एकानं दोनदा. इथवर छान. पण पुढच्या वळणावर सायकलचं दुकान बंद. तो पाहुण्यांकडं कुरुंदवाडला गेला होता, आणि मला सांगायचं राहिलं होतं. तिथून डेअरीपर्यंत ओळखीचं माणूस नाही. सगळ्या नव्या इमारती, खाली बंद शटर. अण्णांची चाल मंदावली. ते थांबले. हातातली पिशवी वर करून तिच्यात बघितलं, पुन्हा खाली धरली. मी विजेच्या खांबामागं उभा. तोंडात "दही" हा शब्द आलेला, आणि दात घट्ट आवळलेले. परीक्षेत उत्तर माहीत असून शेजारच्याला सांगता न येणारं पोर माझ्याकडं तसं का बघतं, ते त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात एक स्कूटर येऊन थांबली. बाहेरगावचा कुणीतरी होता. "पावणं, रंकाळा कुठनं?" अण्णांनी नीट सांगितलं, असंच सरळ पुढं. तो निघता निघता म्हणाला, "आणि तुमी कुठं निघालासा? बसा की, सोडतो."

अण्णा क्षणभर त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दही आणायला. अर्धा किलो. हे हितंच की, चालत जातो." आणि तरातरा निघाले. स्कूटरवाल्याचं नाव-गाव मला माहीत नाही. विचारायचं भानच नव्हतं, मी खांब धरून उभा होतो.

त्यानंतर चपला कुणी आत ठेवल्या नाहीत. अण्णांनी एक नियम केला, एका फेरीला एक वस्तू. दही झालं की घरी येऊन टेकायचे, मग लसूण, मग दळण. सकाळ अशी भरून जायची. दोन वस्तू सांगितल्या तर चिडायचे, "एक सांग की, मला काय दोन डोकी हायत?" आमच्याकडं यायचे तेव्हाही दारातूनच सांगायचे, "सुमेला भेटायला आलोय." पहिल्यांदा मी म्हणालो, "माहीत आहे की अण्णा." तर म्हणाले, "तुमाला न्हवं पावणं, मला सांगतोय." माझी चूक त्यांना कळली होती का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कळली असेल तर ती त्यांच्या डोक्यात टिकली नसावी, अशी मी आशा धरून आहे. पहाटे झोपेतच गेले. आदल्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या होत्या.

हे लिहून झाल्यावर सुमनला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा हसली. मग म्हणाली, "सगळं तुमचंच लिवलासा. पल्लवीचं ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"घरात रोज दोन लिटर म्हशीचं दूध येतंय. पण अपघातानंतर अण्णा पयल्यांदा एकटा दही घेऊन आला, त्या दिवसापासनं तिनं घरात दही लावलं न्हाय. लावलं असतं, तर त्यो रोज कशाला गेला असता? मला बी ठावं न्हवतं. काल गेलते तिच्याकडं, तर दुधाचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली हुती. म्हणाली, आत्या, विरजण किती घालायचं हो? हात इसरला बघा."